साडेचारचं जेवण

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असा संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी आधी हसलेच. म्हटलं, "बाई, मी गेस्ट हाउसची स्वयंपाकीण. मी काय लिव्हणार? आमटीत मीठ किती घालायचं ते?" त्या म्हणाल्या, पाहुण्यांबद्दल लिहा. पाहुणे म्हणाल तर जन्मभर तेच बघितले. पण सगळ्यांना आठवत बसले तर तुमचा अंक पुरायचा नाही. म्हणून दोन-तीन जणांची नुसती ओळख करून देते आणि एकाचंच नीट सांगते. ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. कुणाला ती भुताची गोष्ट वाटेल. मला विचाराल तर ती जेवणाची गोष्ट आहे.

मी सोलापूरच्या भवानी पेठेतली. घरात कन्नड, दारात मराठी, शेजारी तेलुगू, असं आमचं सगळं. नवरा गेल्यावर घरातच खानावळ काढली. एका टॉवेल कारखान्याच्या मालकांना माझ्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आवडली आणि त्यांनी मला अक्कलकोट रोडच्या आपल्या गेस्ट हाउसवर आणलं. तिथून बाहेर पडले ती गुडघ्यांनी हात टेकले तेव्हाच. मालकांपासून गेटवरच्या महबूबभाईंपर्यंत सगळे मला अक्का म्हणायचे.

गेस्ट हाउसचा स्वयंपाक हा हॉटेलपेक्षा वेगळा. हॉटेलात माणूस आवडीनं जातो. गेस्ट हाउसात तो अडकलेला असतो, घरची आठवण काढत असतो आणि ती आठवण ताटात शोधत असतो. सुरतेचे एक व्यापारी माझ्या झणझणीत चटणीवर साखर भुरभुरून खायचे. मला ते बघवायचं नाही, पण करते काय! एक साहेब साखरेचा आजार लपवून शेंगापोळ्या खोलीत नेऊन ठेवायचे आणि मुंग्यांची रांग मला त्यांच्या उशीपर्यंत घेऊन जायची. अशा माणसांना सांभाळायचं म्हणजे डोळा ताटावर पाहिजे, तोंडावर नाही. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक सुती पडदा होता. पाहुण्याची पाठ पडद्याकडं यायची. मी आतून फटीतून त्याच्या खांद्यावरून ताट बघायची. वाटी खाली होत आली की त्यानं मान वर करायच्या आत दुसरी हजर. "अक्का, तुम्ही कधी येता-जाता कळतच नाही," असं कुणी म्हणालं की माझी मान ताठ व्हायची.

एका वर्षी मालकांनी टॉवेलवर नक्षी विणणारी यंत्रं फ्रान्सहून मागवली. ती बसवून चालू करून द्यायला दिवाळी झाल्यावर तिकडून जेरारसाहेब आले. साठी उलटलेले, उंच, जरा वाकलेले, हाताला कायम ग्रीसचा वास. आधी सुरतेला आणि इचलकरंजीला काम केलेलं, त्यामुळं मोडकं हिंदी यायचं. माझं इंग्रजी मिठापासून सुरू होऊन तिखटाला संपायचं. तेवढ्यावर आमचं भागलं.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखं भरगच्च ताट पुढं ठेवलं. भाजी, आमटी, कोशिंबीर, भात, पापड. साहेबांनी त्याच्याकडं परीक्षेच्या पेपरकडं बघावं तसं बघितलं. मग एकेक वाटी उचलून टेबलावर ओळीनं मांडली आणि पहिलीपासून सुरुवात केली. कोशिंबीर सगळी संपवली, मग भाजी. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "अक्का, एक के बाद एक. साथ में नहीं."

मग हळूहळू त्यांची पद्धत कळत गेली. आपल्या ताटात सगळी मंडळी एकदम मांडीला मांडी लावून बसतात. त्यांचं जेवण रांगेनं येतं. आधी काहीतरी कच्चं, किसलेलं गाजर नाहीतर उकडलेलं बीट, वर तेल आणि लिंबू. मग मुख्य पदार्थ, मग चीजचा तुकडा, मग फळ. आधीचं ताट पुसून घेतल्याशिवाय पुढचं येत नाही. पुसून म्हणजे खरंच पुसून, ब्रेडच्या तुकड्यानं. तो ब्रेड बशीत नाही ठेवायचा, सरळ टेबलक्लॉथवर. दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत. जेवताना बोलायचं, भरपूर बोलायचं. आमच्या घरी जेवताना कुणी बोललं तर सासरे ताटावरून उठायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. कुणी उभं असेल तर तो बसेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

एकदा मी पाव चुकून पालथा ठेवला. साहेबांनी लगेच उचलून सरळ केला. म्हणाले, "उलटा नहीं, अक्का." आणि गळ्यावरून हात फिरवून दाखवला. पूर्वी त्यांच्याकडं फाशी देणाऱ्याचा ब्रेड बेकरीवाले पालथा करून बाजूला ठेवायचे, दुसऱ्या कुणी तो घेऊ नये म्हणून. अजूनही त्यांच्या आईच्या टेबलावर ब्रेड पालथा पडला तर त्या हातातलं काम टाकून तो सरळ करतात. मला ते ऐकून बरं वाटलं. म्हटलं, ही माणसंही आपल्यासारखीच भित्री आहेत.

पाव त्यांना आवडला नाहीच. मऊ, म्हणे. मग एक दिवस मी कडक भाकरी ठेवली. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर वाळवून केलेली, महिना-महिना टिकते, पापडासारखी मोडते. साहेबांनी ती कानाजवळ नेऊन मोडली. तो कुरकुर आवाज ऐकून त्यांचे डोळे मिटले. त्या दिवसापासून पाव बंद.

चीजचं सांगायलाच पाहिजे. त्यांनी तिकडून आणलेला डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी महबूबभाई काठी घेऊन सगळीकडं वास काढत फिरायला लागले. "अक्का, कुछ तो मर गया है अंदर. चूहा नै, बडा कुछ." मी डबा उघडून त्यांच्या नाकाशी धरला. ते गेटवर गेले ते संध्याकाळपर्यंत चहाला आले नाहीत.

आता मूळ गोष्ट. साहेब दुपारचं जेवण साडेचारला मागायचे. साडेचारला कोण जेवतं? मी म्हटलं, पोट बिघडेल. ते नुसते हसले. चारनंतर शेडमधून यायचे, अंघोळ करायचे, धुतलेला शर्ट घालायचे. मग जेवणघराचं व्हरांड्याकडचं दार लावून घ्यायचे. गेस्ट हाउस कारखान्याच्या पार टोकाला, मागं नुसतं माळरान. त्या वेळी तिथं चिटपाखरू नसायचं. यंत्रमागांचा आवाज लांबून घरघर ऐकू यायचा आणि शेडमधून उडून आलेली रुई उन्हात तरंगत असायची.

पहिल्याच आठवड्यात मी गॅसपाशी असताना जेवणघरातून घंटा ऐकू आली. देवळातल्यासारखी, पण जड, संथ. आमच्या आसपास देऊळ नाही. घंटा थांबली आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. मग साहेबांचा, मग पुन्हा बाईचा. शिव शिव, म्हटलं, दार तर बंद आहे, बाई आली कुठून? हातात भाजीची वाटी घेऊन बाहेर गेले तर साहेब एकटेच. पाण्याच्या तांब्याला टेकवलेला टॅबलेट आणि त्यात एक पांढऱ्या केसांची बाई, गळ्यात रुमाल बांधून, बीट खात बसलेली. माझा जीव भांड्यात पडला.

त्या म्हणजे साहेबांच्या आई, मादाम. तिकडच्या खेड्यात एकट्या राहायच्या. त्यांना विसरायचा आजार होता. भूक लागली हेसुद्धा विसरायच्या. गावातली एक बाई दुपारी येऊन वाढून जायची, पण समोर कुणी बसल्याशिवाय मादाम घासच उचलायच्या नाहीत. एकट्यानं जेवणं म्हणजे जेवण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. साहेब तिथं होते तेव्हा रोज समोर बसायचे. इथं आल्यावर हा टॅबलेट. त्यांच्याकडं बारा वाजले, चर्चची घंटा झाली की आमच्याकडं साडेचार. म्हणून ते जेवण. आई जे खाणार तेच, त्याच क्रमानं, तेवढाच वेळ.

साहेबांनी मला एकदाच नीट सांगितलं. डॉक्टरांनी बजावलंय, ही बाई जेवायची थांबली तर इस्पितळात नेऊन नळीनं भरवावं लागेल, आणि मग ती काही घरी परत यायची नाही. यंत्रं चालू झाल्याशिवाय साहेबांना जाता येत नव्हतं. तोवर आईला जेवतं ठेवायचं होतं. पोहोचल्यावर तिच्या टेबलाशी खरोखरचं बसायचं होतं, एवढंच. त्यांच्या आवाजात काही नाटक नव्हतं. मी त्या दिवसापासून घड्याळ बघूनच बीट उकडायला टाकायची.

संक्रांतीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी मादाम गाजराची बशी तशीच ठेवून साहेबांच्या मागं बघायला लागल्या. काहीतरी म्हणाल्या. साहेबांनी वळून बघितलं आणि मला हाक मारली. मी सिंकपाशी उतू गेलेलं दुधाचं भांडं घासत होते. पडदा सारून बाहेर आले.

"अक्का, यहाँ कौन खड़ा है?"

"कोण न्हाय की, साहेब."

"मामाँ बोलती है, मेरे पीछे कोई खड़ा है."

मी मागं बघितलं. पडदा, दार, कॅलेंडर. मादामनी त्या दिवशी निम्मं जेवण टाकलं. कुणी उभं असताना आपण कसं जेवायचं, असं त्यांचं चाललं होतं. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, "दबू". साहेब म्हणाले, दबू म्हणजे उभा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. साहेब वळले की काही नाही, पुढं बघितलं की मादाम हात लांब करून दाखवायच्या. साहेबांनी खुर्ची फिरवून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मांडली, आता पाठीमागं कोरी भिंत. मादाम भिंतीकडं बघत म्हणाल्या, "मला दिसत नाही म्हणून तो बसला असं थोडंच आहे?" साहेबांनी मला ते हिंदीतून सांगितलं तेव्हा माझ्या हातातला आमटीचा डाव थंडगार झाला. त्यांनी खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. निदान आईला दिसू तरी दे, म्हणाले.

महबूबभाईंना सांगितलं. ते दाढी खाजवत म्हणाले, "अक्का, वो कोइमतूर का बुड्ढा भूल गये क्या तुम? इसीच टेबल पे गया ना वो."

विसरेन कशी? कोइमतूरचे एक म्हातारे फिटर होते. जेवायला बसले, रसम जरा गरम करून आणा म्हणाले. मी आत जाऊन गरम करून आले तर डोकं टेबलावर टेकलेलं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ताट वाढलेलं तसंच होतं. एक घाससुद्धा पोटात नव्हता. मला त्या गोष्टीचं फार लागलं होतं.

"तुमी व्हरांड्यात थांबा," मी महबूबभाईंना म्हटलं, "मी पडद्याला खेटून उभी ऱ्हाते. कुटनं येतं ते बघूच."

"हौ. पर मै अंदर नै आता, पैलेच बोल्तू."

त्या दुपारी मी पडद्याआड श्वास रोखून उभी राहिले. डोळे साहेबांच्या मागच्या मोकळ्या जागेवर. तिथं काहीच नव्हतं, शपथेवर सांगते. आणि त्याच दिवशी मादाम ओरडल्या. काटा खाली टाकला, छातीवर क्रूस काढला. आज तो सगळ्यात जवळ उभा आहे, म्हणाल्या. मी दचकून आत सरले. बाहेर महबूबभाई मोठ्यानं दुवा म्हणायला लागले होते.

रात्रभर विचार केला. आपल्याकडं उपाशी गेलेल्याला वाढतात. मग टेबलावर तिसरं ताट मांडू, म्हटलं, मादामनाही बरं वाटेल, त्या फिटरलाही. साहेब हो म्हणाले, ते काहीही करायला तयार होते. मी तिसऱ्या खुर्चीपुढं भात, रसम, पाण्याचा ग्लास आणि कडक भाकरी ठेवली. आमच्या घरी गेलेल्या माणसाचं ताट वाढताना भाकरी पालथी ठेवायची पद्धत. जिवंत माणसाच्या ताटाशी घोळ होऊ नये म्हणून आई तसं करायची. प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी असते. हाताला सवय, मी भाकरी पालथी ठेवली.

घंटा झाली. मादाम दिसल्या. त्यांनी नव्या ताटाकडं बघून आधी मान डोलावली. मग नजर भाकरीवर गेली आणि चेहऱ्यातलं रक्तच उतरलं. त्यांनी समोरचं ताट दोन्ही हातांनी हळूच पुढं ढकललं आणि हात मांडीत घेतले. साहेबांनी झडप घालून भाकरी सरळ केली, पण उशीर झाला होता. फाशी देणाऱ्याचं पान मीच वाढलं होतं त्यांच्या डोळ्यांसमोर.

तिसऱ्या ताटातल्या ग्लासातलं पाणी संध्याकाळपर्यंत दोन बोटं कमी झालं. सोलापूरची हवा कोरडी, पाणी उडतंच. मी स्वतःला तसंच सांगितलं.

मादाम त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वाढायला येणाऱ्या बाईचा साहेबांना फोन आला, की असंच चाललं तर ती डॉक्टरांना बोलावणार. दोन यंत्रं अजून बसायची होती. साहेब रजा मागायला मॅनेजरांकडं जाऊन आले आणि जेवणघरात बसून राहिले, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मी म्हटलं, "साहेब, त्या दिसतं म्हणत्यात तर इचारा तरी, कसा दिसतो? उंच हाय का, म्हातारा हाय का?" इतके दिवस आम्ही सगळे कोणी नाही, कोणी नाही असंच त्यांना सांगत होतो. काय दिसतं ते कुणी विचारलंच नव्हतं.

घंटा झाल्यावर साहेबांनी विचारलं. मादाम बराच वेळ विचार करून एकेक वाक्य बोलल्या आणि साहेब मला सांगत गेले. चेहरा दिसत नाही. नुसती काळी आकृती आहे, मागं उजेड आहे. एका हातानं काहीतरी धरलंय. दुसऱ्या हातात लांब दांडा आहे. मग साहेब माझ्याकडं वळले.

"बोलती है, मेरा प्लेट खाली होता है, तब वो आगे आता है. मैं ऊपर देखने से पहले."

माझ्या हातात त्या वेळी डाव होता. मी त्याच्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. संक्रांतीनंतर ऊन सरकून साडेचारला बरोबर त्या खिडकीतून आत यायला लागलं होतं. मी आत गेले, रोजच्या जागेवर उभी राहिले, एका हातानं पडद्याची कड धरली आणि डाव जरासा वर केला.

"ला!" बाहेर मादाम ओरडल्या, म्हणजे तिथं, तो तिथं. "ला!"

मी पडदा सारला. साहेब माझ्याकडं बघतच राहिले. ते वळले की मी सवयीनं मागं सरत होते, पाहुण्याच्या नजरेला पडायचं नाही म्हणून. हाक मारली की बाहेर येऊन, कोण न्हाय की साहेब, असं मीच सांगत होते. त्या दिवशी पहारा द्यायलाही मीच उभी राहिले होते! आम्ही दोघंही हसलो, पोट धरून हसलो, आणि हसता हसता साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मादाम हसल्या नाहीत. काहीतरी विचारलं.

"पूछती है, ये बैठती क्यों नहीं?"

"मी कशी बसू? मी वाढायला हाय."

साहेबांनी ते सांगितलं. मादामनी हाताची घडी घातली आणि वाट बघत राहिल्या. साहेबांनी उठून शेजारची खुर्ची मागं ओढली. "अक्का, बैठो."

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. लग्न झाल्यापासून मी कुणाच्या समोर बसून जेवले नव्हते. सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी, उभ्या उभ्या, पातेल्याच्या बुडातलं. खानावळीतही तेच, गेस्ट हाउसातही तेच. मला कुणी बसू नको म्हटलं नव्हतं, पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. टेबलक्लॉथवर कोपर कुठं ठेवायचं कळेना. साहेबांनी माझ्यासमोर गाजराची बशी सरकवली. मादाम वाकून माझ्याकडं निरखून बघत होत्या. मग मान हलवून म्हणाल्या, "बोनापेती," म्हणजे सावकाश जेवा. आणि काटा उचलला. दोन दिवसांची उपाशी बाई सगळं ताट पुसून जेवली. मला रडूच आलं.

त्यानंतर यंत्रं सुरू होईपर्यंत मी रोज साडेचारला टेबलाशी बसून जेवले. वाढायचं सगळं आधीच टेबलावर आणून ठेवायची. मादाम मला स्वतःची बशी कॅमेऱ्याजवळ आणून दाखवायच्या, मी माझी दाखवायची. त्यांचं गाजर म्हणजे आपली कोशिंबीरच, शेंगदाण्याचा कूट तेवढा नाही. त्यांची मसूर माझ्यापेक्षा घट्ट. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी कन्नडमधून उत्तर द्यायची, का कोण जाणे, त्यांच्याशी मराठीपेक्षा कन्नडच तोंडात यायचं. साहेब दोघींच्या मध्ये बसून नुसते जेवायचे. मी भाकरी मोडली की त्या कान पुढं करायच्या, मग मी पुन्हा मोडून दाखवायची. इतकं निवांत जेवण मी आयुष्यात केलं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. ती मी साहेबांना सांगितली नाही. मादामना पहिल्यांदा कुणीतरी दिसलं त्या दिवशी मी पडद्याशी नव्हते. दूध उतू गेलं होतं आणि मी सिंकपाशी भांडं घासत होते. पण आता मादाम जेवत होत्या. मी तो विषय मनातल्या मनातच मिटवून टाकला.

शिवरात्रीच्या आधी यंत्रं चालू झाली. पहिला नक्षीचा टॉवेल निघाला तेव्हा मालकांनी पेढे वाटले. साहेब त्याच संध्याकाळी निघाले. मी भरपूर कडक भाकरी बांधून दिली. "मोडायची न्हाय वाटेत," म्हटलं. गाडीत बसताना ते म्हणाले, पोहोचलो की फोन करतो, साडेचारला, तुम्ही ताट वाढून बसा.

दोन दिवसांनी फोन आला. गेस्ट हाउस रिकामं होतं. मी साहेबांच्या खुर्चीत बसले, माझा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवला, पुढं भाजी-भाकरी वाढून घेतली. घंटा झाली. आणि तिकडचं टेबल दिसलं. नेहमीच्या खुर्चीत मादाम, आणि यावेळी शेजारी साहेब, खांद्याला खांदा लावून. साहेबांनी आईच्या गळ्यात रुमाल बांधला. मधोमध माझी भाकरी ठेवलेली, जवळजवळ सगळी शाबूत. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मादामनी माझ्याकडं बघून हात हलवला. साहेब म्हणाले, काल रात्री दोनदा वाढून घेतलं तिनं.

मादामनी काटा उचलला, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. ती नजर मी चांगली ओळखत होते. त्यांनी काटा खाली ठेवला.

"दबू," त्या म्हणाल्या.

पडदा मी सकाळी धुवायला काढला होता. तो मागच्या दोरीवर वाळत होता. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती. महबूबभाई लांब गेटवर होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज तिकडूनच येत होता. आणि मी तर इथं बसलेली.

"साहेब, त्यांना सांगा, मी बसलीया की," मी म्हटलं.

 साहेबांचं तोंड अर्धवट उघडं होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते. आईसारखेच माझ्या खांद्यावरून मागं बघत होते.

 उठून पळावंसं वाटलं. पण समोर ती म्हातारी हात मांडीत घेऊन बसली होती, ताट न शिवता, सगळे बसायची वाट बघत. तिचा मुलगा एवढ्या लांबून येऊन शेवटी तिच्या शेजारी बसला होता. मी उठले असते तर आणखी एक जण उभा राहिला असता.

मी वळून बघितलं नाही. हात लांब करून शेजारची खुर्ची मागं ओढली. फरशीवर तिचे पाय करकरले. माझ्या ताटातली भाकरी निम्मी मोडून त्या खुर्चीपुढं ठेवली, सरळ बाजूनं, आणि म्हटलं, "बसा की, रसम नंतर आणते. आधी बसा."

मादामनी त्या खुर्चीकडं बघितलं. मग त्यांनी मान डोलावली, मला, आणि त्या खुर्चीलाही. "बोनापेती," म्हणाल्या, आणि जेवायला सुरुवात केली.